पोचवणीचा मान

माझ्या आत्याला गावाने वाळीत टाकलं ते गेल्या वर्षी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, देवळाच्या पडवीत. ती तिथे नव्हती. तिला कोणी बोलावलंच नव्हतं. ती त्या वेळी परसात पडवळाच्या मांडवाखाली वाकून उभी होती, आणि निकाल तिला कळला तो गिरणीवरून दळण परत आलं तेव्हा. तांदूळ जसाच्या तसा. पिशवीची गाठसुद्धा कोणी सोडलेली नव्हती.

तिचा गुन्हा एवढाच की तिने पाटी उचलायला नकार दिला.

ही पाटी काय, ते आधी सांगायला हवं. आमचं गाव काशीदच्या पुढे, मुरूडकडे जाताना, मोठ्या रस्त्यावरून न दिसणारं. डोंगराकडून एकामागून एक गावं उतरत येतात आणि शेवटचं आमचं. त्यापुढे समुद्र. या शेवटचं असण्यानेच आमचं वाटोळं केलं. जुन्या काळी गावात मरी शिरली, म्हणजे पटकी म्हणा, देवी म्हणा, गाठीचा ताप म्हणा, आणि माणसं पटापट जायला लागली, की लोक बांबूची एक पाटी भरायचे. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, शिजवलेला भात, लिंबं, एक फुटकं सूप आणि एक कोंबडीचं पिल्लू. मरीला त्या पाटीत बसवायचं आणि पाटी शिवेपार, दुसऱ्याच्या हद्दीत नेऊन ठेवायची. दुसरं गाव ती बघून हबकायचं, त्यात आपली भर घालायचं आणि तिसऱ्याच्या शिवेत ढकलायचं. असं करत करत वरच्या सगळ्या गावांची पीडा आमच्याकडे येऊन थांबायची. आमच्या पुढे ढकलायला गाव नव्हतं. आम्ही ती समुद्रात सोडायचो.

आम्ही म्हणजे गाव नव्हे. आम्ही म्हणजे आमचं घर. माझ्या पणजोबांचा बाप, त्याचा बाप, त्याच्याही मागचे. ओहोटी लागली की पाटी डोक्यावर घेऊन पाण्यात चालत जायचं, पाणी गळ्याला लागलं की पाटी सोडायची, मागे वळून बघायचं नाही. आणि गावात परतायचं नाही. किनाऱ्याच्या टोकाला खडकाची एक रांग समुद्रात घुसली आहे, तिला दांडा म्हणतात. त्या दांड्यावर माडाच्या झापांच्या खोपटात राहायचं. गावातून कोणीतरी भाकरी आणून लांबच्या खडकावर ठेवायचं आणि पळायचं. अमावास्या उलटेपर्यंत माणूस जगला तर घरी. नाही जगला तर त्याला आणायला कोणी जात नसे. मेलेल्यांवर घरच्यांनी मागाहून रचलेल्या दगडांच्या राशी दांड्यावर अजून आहेत. त्यांच्यावर पाय देऊन लोक सूर्यास्ताचे फोटो काढतात.

या कामाचं नाव पोचवणी. आणि गावाच्या बोलीत ते काम नाहीच, तो मान आहे. पालखीचा पहिला खांदा एका घराचा मान, होळीचा पहिला नारळ दुसऱ्या घराचा, मरी पोचवायची ती आमच्या घराची. म्हणजे बघा, मरायला पाठवायचं आणि वर मानकरी म्हणायचं.

अलिबागला कॉलेजात मी इतिहास घेतला होता. एक प्रश्न हमखास यायचा: युरोपातील काळ्या मरीचे समाजावर झालेले परिणाम लिहा. उत्तर मला तोंडपाठ होतं. इतकी माणसं मेली की शेतं पडीक राहिली. उरलेल्या मजुरांनी जास्त मजुरी मागितली, राजांनी ती रोखायला कायदे केले, तरी वेठबिगारी खिळखिळी झाली ती झालीच. श्रीमंत शहर सोडून गावाकडच्या हवेल्यांत जाऊन बसले. पुढे बंदरात आलेली जहाजं बाहेरच थांबवून ठेवायची रीत पडली. ज्यूंनी विहिरींत विष कालवलं असा आळ घेतला आणि त्यांच्या वस्त्या पेटवल्या. उत्तर बरोबर, गुण पूर्ण. पण ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे युरोप नसायचा, आमचा दांडा असायचा. प्रेतं कोणी उचलली? उचलणाऱ्यांना नंतर गावात घेतलं का? त्यांच्या पोरांशी कोणी लग्नं केली का? हे कोणी विचारत नव्हतं, आणि पुस्तकात त्याला अर्धी ओळ होती. तिकडे वाचलेल्यांनी निदान मजुरी वाढवून मागितली. आमच्या किनाऱ्यावर पगार हा शब्दच पोर्तुगीजांनी आणून दिला, सगळ्या मुलखाने तो उचलला. आमच्या घराला पगाराच्या जागी मान मिळाला.

पणजोबांनी तो मान छप्पन साली खाली ठेवला. धम्म घेतला, घरातले जुने देव बाहेर काढले आणि गावकीला सांगून आले की आजपासून पाटी आमच्या डोक्यावर चढणार नाही. तोवर मरीचे दिवसही सरत आले होते. देवीची लस घरोघर टोचली जात होती, पटकीला औषध होतं. त्यामुळे भांडण झालं नाही. गावाने विषय सोडला. निदान आम्हाला तसं वाटलं.

मी वाढले आत्याच्या हाताखाली. आईवडील नोकरीपायी मुंबईला, आणि आत्या नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेली. ती दांड्यावर कालवं फोडायला जायची. ओहोटीला खडक उघडे पडले की कोयती आणि डबा घेऊन बसायची, मी तिच्या मागे. जाताना ती त्या राशींवर एक दगड ठेवायची. रोज नाही, आठवण झाली की. मी विचारलं तर म्हणायची, आपली माणसं हायत. कोण कोण, ते तिलाही माहीत नव्हतं. पण राशी ओलांडून ती कधी गेली नाही, वळसा घालून जायची, आणि माझा पाय चुकून लागला तर पाठीत धपाटा बसायचा.

करोनात तो इतिहासाचा पेपर पुस्तकातून उठून रस्त्यावर आला. रो-रो बोटीतून मुंबईच्या श्रीमंतांच्या मोठ्या गाड्या उतरत होत्या आणि किनाऱ्यावरच्या त्यांच्या बंगल्यांची फाटकं उघडत होती. त्याच आठवड्यात आमच्याच गावाने रस्त्यावर सुरूची झाडं आडवी टाकली, आणि मुंबईहून अर्धं अंतर चालत आलेल्या माझ्या वडलांना शाळेत कोंडलं. क्वारंटाईन हा शब्द कोणाच्या जिभेवर बसेना. लोक करंटीन म्हणायचे. अमक्याचा पोरगा करंटीन आहे, तमक्याला करंटीन केलं. आत्या शाळेच्या खिडकीतून डबा द्यायची आणि म्हणायची, "बरोबर शब्द हाय. ज्याला बंगला न्हाय तो करंटाच." वडील आतून हसायचे. मला मात्र त्या खिडकीत दांड्यावरचा भाकरी ठेवायचा खडक दिसत होता.

आता गेल्या वर्षाचं.

पावसाळ्यात बंगले बंद असतात, मालक येतात ते दिवाळीला. प्रत्येक बंगल्यामागे पोहायचा तलाव, आणि त्यात चार महिने पावसाचं हिरवं पाणी. आरोग्य केंद्राची माणसं धूर मारायचं यंत्र घेऊन आली तर फाटकावरचा वॉचमन म्हणाला, मालकांना विचारावं लागेल. मालक फोन उचलत नव्हते. श्रावण लागला तेव्हा वरच्या वाडीत ताप आला, मग मधल्या, मग आमच्याकडे. डोळ्यांच्या मागे ठणका, अंगावर लाल पुरळ, हाडं मोडल्यासारखी. डेंग्यू. नाव सगळ्यांना ठाऊक होतं, टीव्हीवर होतं. पण संध्याकाळी घराघरांतून धुपाचा वास यायला लागला आणि बायका एकमेकींना हळू आवाजात म्हणायला लागल्या की ही साधी नाही, ही जुनीच आहे.

गावकीचा एक मुख्य पंच आहे. त्याला सगळे दादा म्हणतात, आत्याही दादाच म्हणते. त्याच्या घराच्या मागे पर्यटकांसाठी खोल्या आहेत, आणि तिथला स्वयंपाक आत्या करायची. तांदळाची भाकरी, कालवांचं कालवण, सोलकढी. तो धंदा खरं म्हणजे दादाची सून चालवायची. वाघीण होती बाई. पाहुण्यांनी "आम्हाला ऑथेंटिक कोकणी पाहिजे" म्हटलं की ती स्वयंपाकघरात येऊन गंभीर तोंडाने सांगायची, "आत्याबाय, आज ऑथेंटिक जरा जास्त घाला." म्हणजे मिरची. मग दोघी पदर तोंडाला लावून हसायच्या. तिची एक छोटी मुलगी, अजून शाळेत न जाणारी. ती आत्याच्याच हातचं खायची. भाकरीचा पापुद्रा आणि गूळ. दुसऱ्या कोणी दिला तर थुंकायची.

ताप आल्यावर सून तीन दिवस उभीच होती, पाहुणे होते म्हणून. मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं. अलिबागला नेलं, तिथून मुंबईला न्यायला सांगितलं, आणि वडखळच्या अलीकडे गाडीतच ती गेली. त्यांच्या घरी त्या वर्षी गणपती बसला नाही. आत्या दाराशी गेली होती, तिला आत रडू दिलं, तेवढं मी नाकारणार नाही. पण गणपतीच्या दिवसांतच त्या छोटीचं अंग तापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आमच्या अंगणात आला. मी सुट्टीला घरी होते. कुंपणापलीकडे आणखी माणसं उभी होती, आत कोणी आलं नाही. दादा दाढी वाढलेला, डोळे सुजलेले. ओट्यावर बसला नाही.

म्हणाला, "बाय, पाटी भरायची ठरलीय."

आत्या तांदूळ पाखडत होती. तिने सूप थांबवलं. कोणाचं ठरलं, म्हणून विचारलं. गावाचं, तो म्हणाला, आणि मान तुमच्या घराचा आहे. आत्या शांतपणे म्हणाली की तो मान आम्ही टाकला तेव्हा माझा जन्म नव्हता, तुमचाही नसेल. मग तो एकदम खाली बसला, अंगणातल्या मातीतच.

"एकदा उचल. माझ्यासाठी न्हाय, पोरीसाठी. तुझ्याच हातची खाते ती."

मला वाटलं आत्या उठेल आणि जाईल. त्या पोरीवर तिचा जीव होता, तिला स्वतःचं मूल नाही. तिने सूप बाजूला ठेवलं. मी तोंड उघडलं, तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. 

"दादा," ती म्हणाली, "पोरीला माझ्या पाठीवर बांधा. गाडी न्हाय मिळाली तर अलिबागपर्यंत चालत नेते. पण पाटी न्हाय उचलायची."

कुंपणावरून कोणीतरी टोमणा टाकला, हिच्या हातची भाकरी अख्ख्या मुंबईला चालते, गावासाठी मात्र हात आखडतो. आत्याने मान वर केली. "भाकरीला पगार देता," म्हणाली, "पाटीला दगड देता. जाऊन बघा दांड्यावर."

 दादा उठला, धोतराची माती न झाडता गेला. त्याच दुपारी त्याने पोरीला अलिबागला नेलं. पोरगी वाचली. सलाइन लावलं, पेशी वाढल्या, चतुर्दशीच्या सकाळी तिने खायला मागितलं, भाकरीचा पापुद्रा आणि गूळ. हे सगळं गावाला कळलं होतं. तरी त्याच सकाळी पाटी निघाली.

उचलायला कोणी तयार होईना, म्हणून त्यांनी पर्यटकांना फिरवायची फायबरची होडी काढली. लाल-पिवळी, कडेला फुगे रंगवलेली. पाटी त्या होडीत, भात, बांगड्या, सूप, पिल्लू सगळं. मुहूर्त पंचांगातून काढलेला, सकाळचा. आणि त्या वेळी भरती चढत होती. पौर्णिमेच्या तोंडावरची भरती, उधाणाची. आमच्या गावात दुधखुळ्या पोरालासुद्धा पाण्याकडे बघून सांगता येतं की पाणी येतंय का जातंय. अख्खं गाव वाळूत उभं होतं. सगळ्यांना दिसत होतं. आमच्या बापजाद्यांनी पाटी कायम ओहोटीला सोडली हेही सगळ्यांना माहीत होतं. एक माणूस बोलला नाही. मुहूर्ताला आडवं कोण जाणार? होडी लाटांपलीकडे गेली, पाटी सोडली, ढोल वाजले.

दुपार व्हायच्या आत पाटी परत आली.

सुरूच्या झाडांखाली, वाडीच्या आमच्या टोकाला, जिथे आत्या कालवं धुते बरोबर तिथे लागली. बांगड्या शाबूत. भात विरघळलेला. आणि ओल्या सुपावर, पिसं अंगाला चिकटलेलं, जिवंत पिल्लू. मुंबईहून गणपतीला आलेली मुलं मोबाइल काढून उभी राहिली. नंतर गावातली माणसं आली आणि लांबच थांबली. कोणी जवळ जाईना. कुत्रं एक पुढे गेलं तर त्याला दगड मारून हाकललं. दुपारनंतर विसर्जनाच्या मिरवणुका आल्या, आणि त्या पाटीपाशी आल्या की वाकड्या व्हायच्या. गणपती डोक्यावर घेतलेली माणसं वाळूत मोठा वळसा घालून पाण्याकडे जायची. ढोल त्या वळशापुरते थांबायचे. मी इतकी वर्षं विसर्जन बघते आहे, अशी शांतता कधी ऐकली नव्हती.

आत्या सुरूखाली उभी होती. पिल्लू चिवचिवत होतं. ती गेली, पाटीला हात न लावता वाकली, पिल्लू उचललं, पदरात घेतलं आणि घरी आली.

"पाटी न्हाय उचलली मी," मला म्हणाली. "पिल्लू उचललं. ते बिचारं कुणाचं काय लागतं?"

तेवढं पुरेसं होतं. संध्याकाळपर्यंत वाक्य गावभर फिरलं: पाटीने आपलं घर ओळखलं. मरी हिच्या घरची, म्हणून हिच्या दारात आली, आणि हिने ती पदरात घालून आत नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात बैठक झाली. बाकीचं मी पहिल्या ओळीत सांगितलं आहे.

वाळीत टाकणं म्हणजे काय हे ज्याने भोगलं नाही त्याला ते लहानसं वाटतं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. गिरणी दळत नाही. सार्वजनिक नळावर तुम्ही गेलात की बायका हंडे उचलून बाजूला होतात आणि तुमचं पाणी भरून झालं की नळ घासून घेतात. मिनीडोर, म्हणजे आमच्याकडची ती सहा सीटची रिक्षा, रिकामी असली तरी तुमच्यापुढे थांबत नाही. स्वयंपाकाचं काम गेलं, ते कोणी काढलं नाही, नुसतं बोलावणं बंद झालं. एकदा ती छोटी मिनीडोरमधून चालली होती. आत्या रस्त्याच्या कडेला. पोरीने ओळखलं, हात बाहेर काढून "मावशे" म्हणून हाक मारली. आजीने तिचा हात धरून आत ओढला. गाडी गेली. आत्या तिथेच उभी राहिली, रस्त्यावर धूळ बसेपर्यंत.

मी ठाण्यात गेले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आहे, त्याची प्रत घेऊन गेले. ऐकून घेतलं, अर्ज घेतला आणि आपसात मिटवा म्हणाले. मग गावात चौकशीला आले तेव्हा प्रत्येकाने सांगितलं, वाळीत कोणी टाकलंय? आम्ही फक्त बोलत नाही. न बोलणं हा काय गुन्हा आहे? मग मी पत्रक लिहिलं, अलिबागला छापलं, रेवसच्या धक्क्यावर वाटलं. लोक घेत होते. बोट सुटताना बघितलं तर निम्म्यांनी त्यात चणे बांधून घेतले होते.

गावात एकच माणूस आमच्याशी बोलतो, नाक्यावरचे दुकानदार चाचा. त्यांची माणसं पिढ्यान् पिढ्या दर्यावर होती, आता मुलं आखातात. ते आत्याला पीठ देतात, बदल्यात अंडी घेतात. हो, अंडी. त्या पिल्लाची कोंबडी झाली, अंगणभर फिरते, चांगली टणक अंडी देते, आणि गावातलं दुसरं कोणी त्यांना शिवत नाही. मी चाचांना एकदा विचारलं की तुम्हाला भीती नाही वाटत का. ते वजनाचा काटा पुसत म्हणाले, "बेटा, आमचे बुजुर्ग सांगायचे, गलबतावर वबा, म्हणजे साथ, आली की किनाऱ्याची माणसं दगड मारायची, उतरू द्यायची नाहीत. पाण्यावाचून मेले किती. मला दगड मारणारा व्हायचं नाही, बस." आणि मग लगेच, "अंडी आज लहान आहेत, पीठ कमी देऊ काय?" म्हणून आत्याला हसवलं.

हे इथपर्यंत आम्ही रेटलं असतं. पण यंदाचा श्रावण सरत आला आहे. बंद बंगल्यांमागचे तलाव पुन्हा हिरवे झाले आहेत, मी भिंतीवर चढून पाहिले. वरच्या वाडीत ताप आला आहे. आणि नाक्यावर रंगीत फलक लागला आहे: पारंपरिक पोचवणी सोहळा, अनंत चतुर्दशीला, पर्यटकांचे स्वागत. खाली, मानकरी म्हणून, आमचं आडनाव. आम्हाला न विचारता.

दादा परवा एकटा आला. कुंपणाबाहेर उभा राहिला, वाळीत टाकलेल्याच्या अंगणात यायचं नाही म्हणून. म्हणाला, यंदा नुसतं दाखवायचं आहे, पाहुणे येतील, गावाला चार पैसे होतील. "पाटी रिकामी असल गं बाय. आत काय नसल."

"रिकाम्या पाटीला डोकं माझंच कशाला?" आत्याने विचारलं.

 मग तो खरं बोलला. उचललीस तर सगळं मिटेल. गिरणी, नळ, काम. पोरगी रोज विचारते मावशी कुठं. एवढं बोलून तो गेला, आणि जाताना त्याने कोंबडीकडे असं बघितलं की मी तिला उचलून आत घेतली.

काल दुपारी आत्या दांड्याकडे बघत बसली होती. कालवांचा हंगाम नाही, कोयती हातात नव्हती. मी शेजारी बसले.  वर्षभरात ती वाळली आहे, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात. मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "उचलली तर काय व्हईल गं? रिकामी तर हाय."

मी पत्रकं लिहिते, मोर्चात ओरडते, कायद्याची कलमं मला पाठ आहेत. त्यातलं तिथे काहीच कामाचं नव्हतं. पणजोबांनी जे खाली ठेवलं ते तिच्या डोक्यावर परत चढवायला मरीची गरजच लागली नाही, एका बंद गिरणीने काम झालं. आणि ती एकदा रिकामी चढली की पुढच्या तापाला भरलेली चढेल. हे मला दिसतं, तिलाही दिसतं. तरी ती विचारते आहे, कारण तिला ती पोरगी हवी आहे. हा प्रश्न तिच्यावर यायलाच नको होता. आणि त्याचं उत्तर तिने एकटीने तर मुळीच द्यायला नको.

म्हणून मी तुमच्याकडे, सुट्टीला आमच्या किनाऱ्यावर येणाऱ्यांकडे, आले आहे. हा सोहळा तुमच्यासाठी आहे. तुम्ही येणार म्हणून फलक रंगला आहे. तेव्हा खोली घेण्याआधी फोनवर विचारा, पोचवणीची पाटी कोणाच्या डोक्यावर आहे, आणि तीच का. उत्तर आलं नाही तर पैसे भरू नका. तुमचा तिथे बंगला असेल तर आज फोन उचला आणि वॉचमनला सांगा, तलाव उपसून टाक. आणि चतुर्दशीच्या सकाळी तुम्ही त्या किनाऱ्यावर असलातच, ढोल वाजायला लागले, पाटी आमच्या अंगणाकडे वळली, तर मोबाइल खिशात ठेवा, वाळूत खाली या आणि आमच्या दारापुढे आडवे उभे राहा.